सुलतानाचे स्वप्न

(गोष्टी वाचून आपली करमणूक होते. पण काही गोष्टी वाचल्यावर मनात प्रश्नही उभे राहतात. जे चालत आले आहे ते तसेच का चालावे, माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः का ठरवता येऊ नये, असे ते प्रश्न असतात. रुकैया सखावत हुसेन यांनी अशीच एक गोष्ट लिहिली. त्यांच्या वाचनाची, त्या गोष्टीची आणि गोष्टीनंतर त्यांनी केलेल्या कामाची माहिती या पाठात दिली आहे.)

शहरजादची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ‘अलिफ लैला’मधील ही हुशार स्त्री रोज रात्री बादशहाला एक गोष्ट सांगते आणि ती अर्धीच ठेवते. पुढे काय झाले हे बादशहाला ऐकायचे असते. म्हणून तिला मारण्याचा हुकूम तो दुसऱ्या दिवसावर ढकलतो. अशा एक हजार एक रात्री जातात. शहरजादजवळ तलवार नव्हती, फौज नव्हती. तिच्याजवळ फक्त गोष्ट होती. त्या गोष्टीनेच तिचा जीव वाचवला.

गोष्टीत एवढे बळ कोठून येते? गोष्ट आपल्याला दुसऱ्या माणसाच्या जागी नेऊन उभे करते. त्याचे दुःख आपल्याला आपले वाटते. मग ‘हे असे का?’ हा प्रश्न आपोआप मनात येतो.

उर्दूत डिप्टी नझीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी १८६९ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी आपल्या मुलींना वाचता यावी म्हणून लिहिली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट घरोघरी वाचली गेली. मराठीत हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. या कादंबरीतील यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचे लहानपणी लग्न होते. पती तिला लिहायला-वाचायला शिकवतो. पण तो लवकर मरण पावतो. मग घरातील माणसे तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केस काढून टाकतात. ही कथा वाचताना वाचकाला वाटते, ‘यमूला कोणी विचारले का नाही?’

माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः ठरवण्याचा हक्क असतो. त्यालाच व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात. हा शब्द मोठा आहे. पण ‘मला कोणी विचारले का?’ हा साधा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. हाच प्रश्न एका मुलीच्या मनात लहानपणापासून होता. तिचे नाव रुकैया.

रुकैयाचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. तिचे वडील मोठे जमीनदार होते. घरात कशाचीही कमतरता नव्हती. मुलांना शिकण्यासाठी कलकत्त्याला पाठवले होते. मुलींनी मात्र घरातच राहायचे, कुराणशरीफचे पठण करायचे आणि थोडेसे उर्दू शिकायचे, अशी पद्धत होती. बंगाली ही त्या भागातील लोकांची भाषा. पण ती वाचणे मुलींना मना होते. इंग्रजी तर दूरच राहिले.

त्या घरात गोषा फार कडक होता. रुकैया पाच वर्षांची झाली तेव्हापासून तिला परक्या बायकांसमोर येण्याचीही बंदी होती. बाहेरच्या बायका भेटायला आल्या, की ती जागा मिळेल तिथे लपून बसे. आपण का लपतो आहोत, हे त्या लहान मुलीला कळत नसे.

तिची मोठी बहीण करीमुन्निसा हिला वाचनाची फार आवड होती. ती बंगाली अक्षरे जमिनीवर काढून गिरवत असे. ही गोष्ट नातेवाइकांना समजली. त्यांनी नावे ठेवली. करीमुन्निसाचे शिक्षण थांबले आणि पंधरा वर्षांची होण्याआधीच तिचे लग्न झाले. तरीही जे थोडे तिला येत होते, ते तिने धाकट्या बहिणीला शिकवले.

थोरला भाऊ इब्राहीम याचेही रुकैयावर फार प्रेम होते. रात्री वडील झोपले, की बहीण-भाऊ मेणबत्ती लावून बसत. इब्राहीम तिला इंग्रजी आणि बंगाली शिकवी. सगळे घर झोपलेले असताना त्या लहानशा उजेडात रुकैयाने पुस्तकांचे जग पाहिले. दिवसा तिच्यासाठी दार बंद असे; पुस्तक उघडले, की रात्री तेच दार उघडे. या उपकाराची आठवण तिने आयुष्यभर ठेवली. पुढे तिने आपले एक पुस्तक बहिणीला आणि एक भावाला अर्पण केले.

रुकैयाचे लग्न भागलपूरच्या सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाले. ते सरकारी अधिकारी होते. त्यांची भाषा उर्दू होती. भागलपुरात रुकैयाबेगमना बंगाली बोलायला कोणी नव्हते; पण पतीने त्यांच्या वाचनाला आणि लेखनाला उत्तेजन दिले.

एकदा सखावत हुसेन दौऱ्यावर गेले होते. घरी वेळ जात नव्हता. तेव्हा रुकैयाबेगमनी इंग्रजीत एक गोष्ट लिहून काढली. पती परत आल्यावर त्यांनी ती त्यांच्या हाती दिली. सखावत हुसेन यांनी खाली न बसता, उभ्यानेच ती सगळी वाचली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे उद्गार काढले. तीच ‘सुलतानाचे स्वप्न’ ही गोष्ट. ती १९०५ साली मद्रासच्या एका महिला मासिकात छापली गेली. १९०८ साली तिचे पुस्तकही निघाले. त्या गोष्टीत असे होते तरी काय?

सुलताना एका संध्याकाळी आरामखुर्चीत बसली होती. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा ती विचार करीत होती. तिला झोप लागली की काय, हे तिचे तिलाच कळले नाही. इतक्यात सारा नावाची तिची मैत्रीण आली आणि तिला बाहेर फिरायला घेऊन गेली. पाहते तो सकाळ झालेली! रस्त्यावर माणसांची गर्दी. पण सगळ्या स्त्रियाच. एकही पुरुष नाही.

सुलतानाला चेहरा उघडा ठेवून चालायची सवय नव्हती. ती लाजत, बिचकत चालू लागली. रस्त्यावरच्या बायका तिला हसल्या. ही अगदी पुरुषासारखी वागते, असे त्या म्हणत होत्या. सुलतानाला याचा अर्थ कळेना. साराने तिला सांगितले, की या देशात पुरुष लाजाळू आणि भित्रे समजले जातात. ते घरात ‘मर्दान्या’त राहतात, मुले सांभाळतात आणि स्वयंपाक करतात.

सुलतानाला नवल वाटले. पुरुष तर बायकांपेक्षा बळकट असतात, मग त्यांना बंद कसे ठेवता येईल, असे तिने विचारले. साराचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. सिंह माणसापेक्षा बळकट असतो. म्हणून तो काही माणसावर राज्य करीत नाही, असे ती सांगते. ती पुढे आणखी एक प्रश्न विचारते. समजा, वेड्यांच्या इस्पितळातून काही वेडे पळाले आणि लोकांना त्रास देऊ लागले, तर त्यांना पकडून आत ठेवायचे, की शहाण्यांना आत कोंडून वेड्यांना मोकळे सोडायचे? त्रास देणारे बाहेर आणि त्रास सोसणारे आत, हा न्याय कोणता?

त्या देशाला ‘स्त्रियांचा देश’ असे नाव होते. तिथे एक राणी राज्य करीत होती. सर्व मुलींनी शिकलेच पाहिजे, असा हुकूम तिने काढला होता. एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलीचे लग्न करायला बंदी होती. मुलींसाठी दोन विद्यापीठे होती. एका विद्यापीठाने ढगांतून पाणी काढून घेण्याची युक्ती शोधली होती. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याचे यंत्र तयार केले होते. त्यामुळे स्वयंपाकघरात कोळसा नव्हता, धूर नव्हता. शेतीची कामे विजेवर होत. लोक हवेत उडणाऱ्या गाडीतून प्रवास करीत. कचेरीचे काम दोन तासांत संपत असे.

हे सारे कसे घडले, तेही सारा सांगते. पूर्वी तिथेही पुरुषांचे राज्य होते. विद्यापीठातील स्त्रियांच्या संशोधनाची पुरुष थट्टा करीत. त्यांचे सारे लक्ष फौजेकडे होते. पुढे शेजारच्या राजाशी युद्ध झाले आणि देशाची फौज हरू लागली. तेव्हा एका विद्यापीठाची प्राचार्या आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन निघाली. त्यांनी यंत्रांनी सूर्याचे ऊन एकत्र करून शत्रूवर सोडले. शत्रूला ती आग सहन झाली नाही. तो पळून गेला. स्त्रिया बाहेर पडण्यापूर्वी पुरुष जनान्यात गेले होते. ते तेव्हापासून आतच राहिले. पुढे काही अधिकाऱ्यांनी बाहेर येण्याची परवानगी मागितली. गरज पडली तर बोलावू, असे राणीने त्यांना कळवले!

शेवटी सुलताना उडत्या गाडीतून फिरत असताना तिचा पाय घसरतो. ती दचकून जागी होते. पाहते तो ती आपल्या खोलीत, त्याच आरामखुर्चीत बसलेली असते.

ही गोष्ट वाचताना हसू येते. पुरुष घरात कोंडलेले आहेत आणि बाहेर यायला अर्ज करीत आहेत, हे आपल्याला विचित्र वाटते. ‘त्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा?’ असे आपण म्हणतो. येथेच गोष्टीचे काम झालेले असते. कारण लगेच दुसरा प्रश्न मनात येतो. पुरुषांना कोंडणे जर अन्याय असेल, तर स्त्रियांना कोंडणे हा न्याय कसा? रुकैयाबेगमनी कोणाला उपदेश केला नाही. त्यांनी फक्त जागांची अदलाबदल केली. रोज पाहून ज्याची सवय झाली होती, ते वाचकाला नव्या नजरेने पाहायला लावले.

मग स्त्रियांनी पुरुषांना खरोखरच कोंडून ठेवावे काय? तसे केले तर दाराला कुलूप राहतेच. फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या कैदेवर उभे राहिले, तर ते खरे स्वातंत्र्य नव्हे. गोष्ट संपल्यावर वाचकाने याचाही विचार केला पाहिजे.

सुलताना जागी झाली, तसे रुकैयाबेगमनाही जागे व्हावे लागले. १९०९ साली त्यांचे पती वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच रुकैयाबेगमनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. पण मालमत्तेवरून घरात भांडणे झाली. त्यांना भागलपूर सोडावे लागले. त्या कलकत्त्याला आल्या. तिथे १६ मार्च १९११ रोजी त्यांनी आठ मुली घेऊन पुन्हा शाळा उघडली आणि तिला पतीचे नाव दिले. या शाळेत सुरुवातीला उर्दूतून शिकवीत असत.

स्वप्नात राणीने हुकूम काढला आणि मुली शिकल्या. प्रत्यक्षात हुकूम काढणारे कोणी नव्हते. रुकैयाबेगम घरोघर जात, आईवडिलांना समजावत, एकेक मुलगी मिळवत. मुलींना नेण्या-आणण्यासाठी त्यांनी मोटारगाडीची सोय केली. पडदा राहावा म्हणून ती गाडी सगळीकडून बंद केली होती. आत अंधार आणि उकाडा. मुली घाबरत, त्यांना भोवळ येई. पालकांनी तक्रार केली. मग बंद खिडक्यांच्या जागी कापडी पडदे लावले. तेव्हा दुसऱ्या लोकांची रागाची पत्रे आली. वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते! गाडी बंद ठेवली तर मुली गुदमरतात आणि उघडी ठेवली तर शाळा बंद पडते, अशी ही अडचण होती. तरीही त्यांनी शाळा बंद पडू दिली नाही.

१९३१ साली त्यांचे ‘अवरोधवासिनी’ हे पुस्तक निघाले. घरात कोंडलेल्या स्त्रियांच्या सत्तेचाळीस हकिकती त्यात आहेत. त्यांपैकी एक बिहारमधील रेल्वे स्थानकावर घडली. एक बाई गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडली. लोक तिला उचलायला धावले. पण परक्या पुरुषांनी हात लावू नये म्हणून तिच्या दासीने त्यांना अडवले. दासीला एकटीला तिला उचलता येईना. शेवटी गाडी सुरू झाली आणि त्या बाईचा प्राण गेला.

रुकैयाबेगम बाहेर जाताना स्वतः बुरखा घेत असत. अंगभर कपडा घालण्याला त्यांचा विरोध नव्हता. स्त्रीला चार भिंतींत कोंडून तिला अज्ञानात ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ज्ञान मिळवणे हे स्त्री आणि पुरुष दोघांचेही कर्तव्य आहे, असे धर्मच सांगतो, याची त्या लोकांना आठवण करून देत.

८ डिसेंबर १९३२ च्या रात्री त्या टेबलाशी बसून स्त्रियांच्या हक्कांवर एक लेख लिहीत होत्या. लेख पुरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले. तो अपुरा कागद टेबलावरच राहिला.

लेख अपुरा राहिला. पण शाळा राहिली. आठ मुलींची ती शाळा आजही कोलकात्यात चालू आहे. एके काळी एक मुलगी मेणबत्तीच्या उजेडात लपून वाचत होती. आज अनेक मुली तिच्या शाळेत दिवसाढवळ्या, मोठ्याने वाचतात.

शब्दार्थ

स्वप्न – ख्वाब
व्यक्तिस्वातंत्र्य – माणसाची स्वतःची आझादी
क्रमशः – थोडे थोडे करून, एकामागून एक
गोषा – पडदापद्धत
मना असणे – परवानगी नसणे
उत्तेजन – हौसला वाढवणे
सूड – बदला
मर्दाना – घरातील पुरुषांचा भाग
प्राचार्या – महाविद्यालयाची प्रमुख स्त्री
अदलाबदल – एकाच्या जागी दुसरे ठेवणे
हकिकत – घडलेली गोष्ट
अवरोधवासिनी – बंदिवासात राहणारी स्त्री

वाक्प्रचार

नावे ठेवणे – दोष देणे
भोवळ येणे – चक्कर येणे
नवल वाटणे – आश्चर्य वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शहरजादचा जीव कशामुळे वाचला?
(आ) इब्राहीम रुकैयाला केव्हा शिकवत असे?
(इ) ‘सुलतानाचे स्वप्न’ ही गोष्ट कोणत्या साली छापली गेली?
(ई) रस्त्यावरच्या बायका सुलतानाला का हसल्या?
(उ) कलकत्त्याच्या शाळेत सुरुवातीला किती मुली होत्या?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) करीमुन्निसाचे शिक्षण का थांबले?
(आ) ‘स्त्रियांच्या देशा’त कोणकोणते शोध लागले होते?
(इ) शाळेच्या मोटारगाडीमुळे कोणती अडचण निर्माण झाली?

प्र. ३. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) स्वप्नातील राणीचे काम आणि रुकैयाबेगमचे प्रत्यक्ष काम यांत काय फरक होता?
(आ) ‘दाराला कुलूप राहतेच, फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला हे म्हणणे पटते काय? कारण लिहा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) रुकैयाचा जन्म ……… या गावी झाला.
(आ) ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी ……… यांनी लिहिली.
(इ) प्राचार्येबरोबर ……… विद्यार्थिनी होत्या.

भाषाभ्यास

उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे लिंग आहे. ‘घर’ हा शब्द उर्दूत पुल्लिंगी आहे, मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. उर्दूत ‘मेरा घर’, मराठीत ‘माझे घर’.
पुढील शब्दांचे मराठीतील लिंग ओळखा आणि त्यांच्याआधी माझा, माझी, माझे यांपैकी योग्य शब्द लिहा.
पुस्तक, शाळा, स्वप्न, कागद, गोष्ट, हक्क, दार, खुर्ची.

उपक्रम

तुमच्या आजीला किंवा आईला विचारा : ‘लहानपणी तुम्हाला काय शिकायचे होते? कोणी तुमची इच्छा विचारली होती का?’ त्यांनी सांगितलेली हकिकत मराठीत दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.